काळ्या कुड्याचें पांढरें लाकूड

आमच्या शाळेच्या सुतारकामाच्या वर्गांत कातकामाचा लेथ बसविल्यावर पहिल्याच वर्षीं मुलांनीं जीं लाटणीं केलीं, त्यांपैकीं एक अद्यापि माझ्या टेबलावर आहे. तें उभें चिरलेलें आहे. एका टोकापासून निघालेली चीर जवळजवळ मध्यापर्यंत गेली आहे, आणि मूळचा पांढरा रंग ठिकठिकाणीं निळसर करडा पडला आहे. ज्या मुलानें तें आपल्या आईसाठीं केलें होतें, त्यानें एके दिवशीं शाळा सुटल्यावर तें दप्तरांतून काढून माझ्यापुढें ठेविलें व खालीं पाहून विचारिलें, "सर, माझें कातण्यांत कोठें चुकलें?"

त्याचें कोठेंच चुकलें नव्हतें. चूक माझी होती. लाकूड मीं विकत आणिलें होतें, आणि आणितांना जें पाहावयास पाहिजे होतें तें मीं पाहिलें नव्हतें. हें मीं त्याला त्याच वेळीं सांगितलें. परंतु दुसऱ्या कोणा मुलाला आपल्या हातास विनाकारण दोष देण्याची पाळी येऊं नये, ह्या हेतूनें तें उत्तर येथें सविस्तर लिहून ठेवीत आहें.

तें लाकूड काळ्या कुड्याचें होतें. नांव काळा, परंतु साल काढून आंत पाहिलें तर लाकूड हस्तिदंतासारखें पांढरें! कण्हेर, सदाफुली व चाफा ज्या कुळांत येतात त्याच कुळांतील हें लहानसें झाड होय. महाराष्ट्राच्या पानगळीच्या रानांत, कोंकणापासून विदर्भापर्यंत, तें आपोआप उगवतें. ह्याचें शास्त्रीय नांव राइटिया टिंक्टोरिया. ह्यांतील पहिला शब्द विल्यम राइट (१७३५–१८१९) ह्या स्कॉटलंडच्या वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नांवावरून आला आहे. दुसऱ्याचा अर्थ 'रंगाऱ्याच्या उपयोगाचें' असा आहे, कारण ह्याच्या पानांपासून पूर्वीं निळीसारखा रंग काढीत असत. उन्हाळ्यांत ह्यास पांढऱ्या सुगंधी फुलांचे झुबके येतात. पान तोडिलें असतां पांढरा चीक गळतो. शेंगा जोडीजोडीनें लोंबतात. त्या वाळून उकलल्या म्हणजे आंतील बिया रेशमासारख्या केसांच्या झुपक्यावर तरंगत, रुईच्या म्हातारीप्रमाणें, वाऱ्याबरोबर दूर जातात.

लाकूड घेणारानें प्रथम एक भेद ध्यानांत ठेवावा. आपल्याकडे कुडा म्हणून दोन झाडें ओळखलीं जातात. पांढऱ्या कुड्याची साल आंवेच्या विकारावरील औषध म्हणून वैद्यांच्या परिचयाची आहे, व त्याचें बीं कडू असतें. त्यालाच कडू इंद्रजव म्हणतात. काळ्या कुड्याच्या बियांस गोडा इंद्रजव असें नांव आहे. दोहोंचें लाकूड पांढरें, दोहोंस चीक, दोहोंचीं पानें समोरासमोर. म्हणून केवळ 'कुडा द्या' असें म्हणून भागत नाहीं. खूण शेंगांत आहे. काळ्या कुड्याच्या कोंवळ्या शेंगांच्या जोडीचीं टोकें एकमेकांस चिकटलेलीं असतात, त्यामुळें दोन्ही मिळून एक लांबट कडेंच लोंबत आहे असें दिसतें. पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा मात्र देठापासूनच सुट्या राहतात. झाड उभें असतांना ही खूण पटते. ओंडका झाल्यावर नाहीं. यास्तव शक्य तेथें झाड कोणतें होतें हें लाकूडतोड्यालाच विचारावें, किंवा पानाशेंगांसह एक डहाळी मागवावी.

हें लाकूड आपल्या बाजारांत क्वचितच मिळतें. सागवान, आंबा व बाभूळ ह्यांच्या राशी प्रत्येक वखारींत असतात, पण कुडा कोपऱ्यांत जळाऊ लांकडांच्या ढिगांत पडलेला असतो. तथापि कातारी लोकांना त्याचें मोल पूर्वींपासून ठाऊक आहे. बंगळूरहून म्हैसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारें ६० किलोमीटरवर चन्नपट्टण नांवाचें गांव आहे. तेथील रंगीत लाकडी खेळणीं परंपरेनें ह्याच लाकडाचीं होत आलीं. ह्या धंद्यास टिपू सुलतानानें (राज्यकाल १७८२–१७९९) आश्रय दिला अशी तेथें समजूत आहे. आंध्र प्रदेशांत वराहा नदीच्या कांठीं एटिकोप्पाका म्हणून गांव आहे, तेथेंही हेंच लाकूड 'अंकुडु' ह्या तेलुगू नांवानें खेळण्यांसाठीं वापरतात. ह्या गांवच्या खेळण्यांस २०१७ सालीं भौगोलिक संकेताची नोंद मिळाली. तेथील कारागीर सी. व्ही. राजू ह्यांनीं वनस्पतिजन्य रंगांचें पुनरुज्जीवन केलें, व त्यांना २०२३ सालीं पद्मश्री देण्यांत आली.

ह्या कारागिरांनीं हेंच लाकूड कां निवडावें? सागवानाचा आडवा छेद पाहिला तर त्यांतील छिद्रांचीं वर्तुळें नुसत्या डोळ्यांनीं दिसतात. कुड्याचें पोत याहून फार बारीक व सारखें असतें. त्यामुळें धारदार पटाशीखालीं तें गुळगुळीत निघतें, बारीक कंगोरा तुटत नाहीं, आणि पांढऱ्या पृष्ठभागावर कोणताही रंग स्वच्छ उठतो. दोष म्हटला तर एकच, झाड लहान. मोठें ताट किंवा परात त्यांतून निघणार नाहीं. भोंवरे, मणी, सोंगट्या, मुठी, लाटणीं, खुळखुळे ह्यांसाठींच तें आहे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. ताज्या लाकडांत पाणी असतें हें सर्वांस माहीत आहे. पण तें किती असतें ह्याची कल्पना थोड्यांनाच असते. हें पाणी दोन ठिकाणीं राहतें. कांहीं लाकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत मोकळें असतें, व कांहीं त्या पोकळ्यांच्या भिंतींत मुरलेलें असतें. मोकळें पाणी निघून जाईपर्यंत लाकडाचा आकार बदलत नाहीं. पाण्याचें प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शेंकडा ३० च्या जवळपास आलें म्हणजे भिंतींतील पाणी निघूं लागतें, आणि तेथून लाकूड आकसूं लागतें.

हें आकसणें सर्व दिशांनीं सारखें नसतें. लांबीच्या दिशेनें तें नगण्य असतें. मध्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनें, कांहीं अधिक. आणि परिघाच्या दिशेनें साधारणतः त्रिज्येच्या दुप्पट. भूमिति शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. एखाद्या वर्तुळाचा परीघ त्याच्या त्रिज्येपेक्षां अधिक प्रमाणांत लहान होऊं लागला, तर काय होईल? तें वर्तुळ अखंड राहूं शकणार नाहीं. त्याला कोठें तरी तुटावेंच लागेल. म्हणूनच गाभा मध्यें ठेवून वाळूं दिलेला अखंड ओंडका बहुधा सालीपासून मध्यापर्यंत फाटतो. त्या मुलाच्या लाटण्याच्या टोकावर गाभ्याचा ठिपका आजही स्पष्ट दिसतो.

आमच्या सुतारशाळेंत जें घडलें तें असें. वार्षिक प्रदर्शन जवळ आलें होतें. ऐन पावसाळ्यांत एका वखारींत मला पांढरेशुभ्र ओंडके दिसले. वखारवाल्यानें ते स्वस्त सांगितले. मीं वजनावर २० किलो घेतले, दुसऱ्याच दिवशीं कापून मुलांच्या हातीं दिले, आणि ओलें लाकूड लोण्यासारखें कातलें जातें हें पाहून मी संतुष्ट झालों. प्रदर्शनांत सर्वांनीं वाहवा केली. महिन्याभरांत निम्म्याहून अधिक वस्तु चिरल्या किंवा निळ्या पडल्या. हा निळा डाग बुरशीचा. ओलें लाकूड सालीसकट उबट व कोंदट जागीं पडून राहिलें म्हणजे ती आंत शिरते. तिनें लाकडाचा जोर फारसा कमी होत नाहीं, परंतु रंग कायमचा जातो, आणि काळ्या कुड्याची सगळी किंमत त्याच्या रंगांत आहे. वखारवाल्यानें मला फसविलें नव्हतें. लाकूड ओलें कीं सुकें हें मीं विचारिलेंच नव्हतें!

खरेदी करितांना काय पाहावें तें आतां सांगतों. प्रथम ऋतु. पावसाळ्यांत तोडलेलें लाकूड घेऊं नये. थंडीच्या दिवसांत तोडलेलें घ्यावें, म्हणजे पुढील पावसाळ्यापूर्वीं त्यास वाळण्यास पुरेसा अवधि मिळतो. दुसरें, ओंडक्याचीं दोन्ही टोकें पाहावींत. टोकांशीं बारीक चिरा असल्या तर त्या किती खोल गेल्या आहेत हें एक पातळ चकती कापून पाहिल्याशिवाय कळत नाहीं. चांगला विक्रेता ती कापूं देतो. त्याच चकतीवर निळे डाग आहेत कीं काय तेंही दिसतें. तिसरें, सालीवरील रेषा सरळ जातात कीं पिळासारख्या वळतात हें पाहावें. पीळ असलेलें लाकूड वाळतांना मुरडतें. चौथें, गांठी मोजाव्या. पांचवें, ओंडका आपटून त्यांतून पिठासारखा भुगा पडतो काय तें पाहावें. पडत असेल तर किडीनें घर केलें आहे असें समजावें व तो ओंडका घरीं आणूं नये, कारण कीड शेजारच्या लाकडांतही जाते.

नंतर मापाचा प्रश्न. गोल लाकडाचें माप करितांना व्यापारी पुष्कळदां चौथाई घेराची रीत वापरतात. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर मोजून त्याचा चौथा भाग घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा व लांबीनें गुणावयाचें. समजा, घेर १६ इंच व लांबी ६ फूट आहे. चौथा भाग ४ इंच, त्याचा वर्ग १६ चौरस इंच. ह्यास १४४ नीं भागून ६ नीं गुणिलें म्हणजे सुमारें ०.६७ घनफूट आलें. परंतु वर्तुळाच्या खऱ्या सूत्रानें हिशेब केला तर ०.८५ घनफूट येतें. ही रीत खऱ्या मापाच्या शेंकडा ७८.५ इतकेंच माप दाखविते. बाकीचें साल व कापण्यांतील नासधूस ह्यांसाठीं सोडलेलें असतें. म्हणून भाव ठरवितांना माप कोणत्या रीतीचें हें आधीं विचारावें. एक घनफुटाचा भाव दोन रीतींत दोन निरनिराळ्या किंमतींचा होतो.

लाकूड वजनावर मिळत असेल तर अधिक सावध असावें, कारण आपण पाण्याचेही पैसे देतों. ओंडक्याच्या मधल्या भागाची एक चकती घरीं आणून लगेच तोलावी. मग ती वडील माणसांच्या देखरेखीखालीं भट्टींत १०० अंशांहून किंचित् अधिक उष्णतेवर, वजन कमी होण्याचें थांबेपर्यंत वाळवावी. ८० ग्रॅमची चकती ५० ग्रॅम भरली, तर ३० ग्रॅम पाणी गेलें. म्हणजे कोरड्या वजनाच्या शेंकडा ६० पाणी होतें. अशा २० किलो लाकडांत कोरडें लाकूड १२॥ किलो व पाणी ७॥ किलो असतें. घरांत वापरण्याजोगें सुकलें, म्हणजे शेंकडा १२ पाणी राहिलें, कीं त्याचें वजन १४ किलो होईल. किलोस ४० रुपये भाव धरिला, तर ८०० रुपयांत आपण १४ किलो लाकूड घेतलें, म्हणजे खरा भाव ५७ रुपयांवर गेला. ओलें लाकूड घेऊंच नये असें नव्हे. पुष्कळदां तेंच घ्यावें लागतें. पण समजून, त्या भावानें घ्यावें.

आणखी एक सूचना पालकांसाठीं आहे. रानांतील लाकूड कोणीही तोडून आणावें असें नाहीं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यान्वयें लाकडाच्या वाहतुकीविषयीं राज्यांनीं नियम केलेले आहेत. पावती देणाऱ्या वखारींतूनच लाकूड घ्यावें. आणि शेतांतील झाड तोडावयाचें असल्यास आधीं वनखात्याच्या जवळच्या कचेरींत विचारावें.

घरीं आणिलेल्या ओंडक्याचे दोन शत्रु असतात, घाई व आळस. घाईनें उन्हांत वाळविलें तर लाकूड फाटतें. आळसानें सालीसकट पडूं दिलें तर बुरशी धरतें. दोघांपासून वांचण्याचा उपाय असा. ओंडका येतांच साल काढावी. तो उभा चिरून चार फाका कराव्या व मधला मऊ गाभा तासून टाकावा. १६ इंच घेराच्या ओंडक्याचा व्यास सुमारें ५ इंच असतो. त्याच्या प्रत्येक फाकेंतून दीड इंच चौरसाचा, गाभा नसलेला तुकडा निघतो, व त्याचें चांगलें लाटणें होतें. दोन्ही टोकांस वितळलेलें मेण लावावें, कारण पाणी बाजूंपेक्षां टोकांतून कितीतरी पट वेगानें निघून जातें, आणि तेथेंच पहिली चीर पडते. मग तुकडे सावलींत, वारा खेळेल अशा जागीं, मध्यें पट्ट्या घालून रचावे.

वाळलें केव्हां, हें तराजू सांगतो. दुसऱ्या वर्षीं आम्हीं थंडींत लाकूड घेतलें, आणि प्रत्येक तुकड्यावर आंकडा घालून दर शनिवारीं वजन केलें. वजनांचा तक्ता भिंतीवर लावला. पहिल्या आठवड्यांत मुलांचा उत्साह मोठा होता; पांचव्यांत कोणी विचारीना; दहाव्यांत तेच पुन्हा गर्दी करूं लागले, कारण आंकडे स्थिर होत आले होते. ६४० ग्रॅमचा एक तुकडा ४५० वर येऊन थांबला. जवळजवळ पेलाभर पाणी त्यांतून कोणाच्याही नकळत निघून गेलें होतें. लागोपाठ तीन शनिवार वजन बदललें नाहीं, तेव्हां आम्हीं लेथ सुरू केला.

कातण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. लांबट वस्तूंत लाकडाचे तंतु लेथच्या आंसाशीं समांतर ठेवावे. तुकडा बसविल्यावर तो आधीं हातानें एक फेरा फिरवून पाहावा. हत्याराच्या टेक्यास लागतां कामा नये. टेका हलवावयाचा तो लेथ पूर्ण थांबवूनच. गतीचा एक ढोबळ नियम असा आहे कीं, व्यासाचे इंच व मिनिटाचे फेरे ह्यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० ह्यांच्या दरम्यान असावा. दोन इंच जाडीच्या तुकड्यास ह्या हिशेबानें ३,००० फेरे होतात. परंतु शिकणारानें, व तुकडा चौकोनी असेतों सर्वांनींच, याहून पुष्कळ कमी गति ठेवावी. प्रथम गोल पटाशीनें चौकोन मोडून दंडगोल करावा. मग आकार देतांना धार नेहमीं जाड भागाकडून बारीक भागाकडे चालवावी, म्हणजे तंतु उचकटत नाहींत. बोथट हत्यारानें काळा कुडाही खरबरीत निघतो, आणि मग काचकागद घासून घासून कंगोरे पुसले जातात. चष्मा घातल्याशिवाय व अस्तन्या आवळल्याशिवाय कोणीही लेथपाशीं उभें राहूं नये. घासतांना बारीक भुकटी उडते, तेव्हां नाकातोंडावर फडकें बांधावें.

खेळण्यांवर रंग चढविण्याची चन्नपट्टणची रीत पाहण्यासारखी आहे. लाख हा पळस, बोर व कुसुंब ह्यांसारख्या झाडांवर राहणाऱ्या किड्याचा स्राव होय. तिच्यांत रंग मिसळून कांड्या करितात. वस्तु लेथवर फिरत असतांनाच कांडी तिच्यावर दाबून धरितात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख मऊ होऊन लाकडावर पसरते, आणि मग केवड्याचें पान दाबून धरिलें कीं ती सर्वत्र सारखी होऊन चकाकूं लागते. ब्रश नाहीं, तेल नाहीं, रंग वाळण्याची वाट पाहणें नाहीं. लाकूड ओलें असेल तर मात्र ही लाख नीट धरत नाहीं. पुढें लाकूड आकसलें म्हणजे ती तडकते. येथेंही कारागिराचें कौशल्य वाळवणाऱ्याच्या धीरावर अवलंबून आहे. लाटण्यास लाख लावूं नये. तें रोज पाण्यांत व उष्ण पोळ्यांपाशीं असावयाचें. तें साधेंच, गुळगुळीत करून वापरावें.

शेवटची गोष्ट झाडाची. जें झाड लहान व हळू वाढणारें आहे, तें सर्वांनीं तोडलें आणि कोणीच लाविलें नाहीं, तर कातारी कशावर पोट भरणार? सुदैवानें काळ्या कुड्याच्या बुडख्यास पुन्हा कोंब फुटतात. मुळासकट न उपटतां जमिनीपासून थोडें वर कापलें, व कोंबांचें शेळ्यांपासून रक्षण केलें, तर तेंच झाड पुन्हा लाकूड देतें. आमच्या मुलांनीं गेल्या उन्हाळ्यांत शेंगा उकलण्यापूर्वीं तोडून बीं जमविलें, व शाळेच्या कुंपणालगत तें पेरिलें. रोपें अजून वीतभरच आहेत. त्यांचें लाकूड सध्यांच्या वर्गांतील एकाही मुलास मिळणार नाहीं, हें त्यांना ठाऊक आहे. तरी पाण्याची पाळी कोणी चुकवीत नाहीं.

ज्या मुलाचें लाटणें चिरलें, त्यानें त्या ४५० ग्रॅमच्या तुकड्याचें दुसरें केलें. तें त्याच्या घरीं रोजच्या वापरांत आहे. पहिलें परत नेतोस काय, असें मीं त्याला विचारिलें. तो म्हणाला, "राहूं द्या, सर. नव्या मुलांना दाखवा." म्हणून तें माझ्या टेबलावर आहे, आणि सुतारकामाच्या वर्गाचा पहिला पाठ लेथवर नव्हे, तर त्या टेबलापाशीं होतो.